ट्रेनिंग पुष्कळ झालं, आता दहा गुंठे द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात अधूनमधून बातमी असते की अमुक तालुक्यात इतक्या तरुणांनी शेतीचं प्रशिक्षण घेतलं. फोटोत सगळे सर्टिफिकेट धरून उभे आणि मधोमध पाहुणे. चांगलंच आहे, माझा विरोध नाही, पण साधा प्रश्न आहे की ती पोरं दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कुठे जातात? मिरचीची रोपं कशी करायची ते कळलं, ड्रिप कसं जोडायचं ते कळलं, पण लावायचं कुठे? ज्याच्या बापाची जमीन आहे त्याचं ठीक आहे, ज्याची नाही त्यानं ते सर्टिफिकेट लॅमिनेट करून ठेवायचं.

मी संगमेश्वर तालुक्यातला, कृषी खात्यातून रिटायर झालेला माणूस. सध्या आम्ही काही मंडळी मिळून एका गोष्टीच्या मागे लागलोय आणि त्यात अडचण कुठे येते हे लोकांना कळावं म्हणून हे पत्र, जरा लांबेल, कापायचं तिथे कापा. गोष्ट अशी की एक शेत सुरू करायचं जे कोणाच्या नफ्यासाठी नसेल. पाच एकर जागा, संस्थेच्या ताब्यात. नवीन शेती करू बघणाऱ्याला त्यातले दहा गुंठे, जास्तीत जास्त तीन वर्षं. कुंपण, पाणी, रोपं, अवजारं, माल बाजारात न्यायची गाडी हे संस्थेचं. मेहनत त्याची, पीक त्याचं, विकून आलेले पैसेही त्याचेच. थोडं भाडं घ्यायचं, पहिल्या वर्षी नावाला आणि मग दरवर्षी वाढवत न्यायचं, म्हणजे बाहेर पडेपर्यंत खऱ्या खर्चाची सवय होते. एवढंच. ह्यात नवीन काही नाही, पण आपल्याकडे दिसत मात्र नाही.

का हवं हे रत्नागिरीच्या भाजी मार्केटला सकाळी जाऊन उभं राहिलं की कळतं. कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, वांगी, मिरची, कोथिंबीर, बहुतेक सगळं घाटावरून येतं, कोल्हापूर, सांगली, बेळगाव. जुलै 2021 मध्ये चिपळूणला पूर आला त्याच पावसात आंबा घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला तेव्हा लोकांना समजलं की आपलं रोजचं कालवण एका घाटावर टांगलेलं आहे. आणि तोपर्यंत गावागावात शेकडो एकर पड. पूर्वी भात कापलं की त्याच वाफ्यात कुळीथ, पावटा, चवळी व्हायची, पाणी असेल तिथे वायंगणी म्हणजे उन्हाळी भात नाहीतर भाजीचा मळा व्हायचा, आता तिथे रान माजलंय आणि आत शिरायला वाट नाही.

मग म्हणाल जमीन पड आहे, पोरं रिकामी आहेत, अडलंय कुठे? अडलंय सातबाऱ्यावर. एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली अर्धी मुंबईला, दोन-चार वारलेली पण वारस लागलेले नाहीत, आणि जो गावात राहतो तो म्हणतो मी एकटा कसा हो म्हणू. समजा सगळे हो म्हणाले तरी एक भीती असतेच, कूळ लागण्याची, म्हणजे कसायला दिलेली जमीन कसणाऱ्याच्याच नावावर होण्याची. 1 एप्रिल 1957 ला, म्हणजे कृषक दिनाला, कसणारी कुळं मालक झाली ही आठवण आज तीन पिढ्यांनंतरही घराघरात जिवंत आहे. मी हे तक्रार म्हणून सांगत नाहीये. कोकणात खोतांनी, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांनी, काय केलंय ते आमच्या आजोबांना विचारायला हवं होतं, बाबासाहेबांनी 1937 लाच खोती रद्द करायचं बिल विधिमंडळात मांडलं होतं ते उगाच नाही. कूळ कायद्यानं कसणाऱ्याला न्याय मिळाला. पण त्याचा आजचा परिणाम असा की मालक जमीन पड टाकेल पण दुसऱ्याला करायला देणार नाही, आणि दिलीच तर तोंडी, कागद नाही, पुढच्या वर्षीची खात्री नाही. कागद नाही म्हणून कसणाऱ्याला पीक कर्ज नाही, ड्रिपची सबसिडी नाही, अवकाळीनं नुकसान झालं तर भरपाई मालकाच्या नावावर. किसान क्रेडिट कार्ड नियमात तोंडी करारानं कसणाऱ्यालाही मिळतं, पण बँकेत जाऊन बघा, पहिला प्रश्न सातबारा आणलाय का.

आणि संस्था काढून जमीन भाड्यानं घेऊ म्हटलं तर कूळ कायद्याचं कलम 63 आडवं येतं. जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन विकत तर घेता येत नाहीच, कलेक्टरच्या परवानगीशिवाय भाडेपट्ट्यानंही घेता येत नाही. आता संस्था काही जन्मानं शेतकरी नसते.

इथेच आम्हाला एक वाट दिसतेय आणि ह्या पत्रातलं मुख्य म्हणणं हेच आहे. त्याच कायद्यात कलम 88-ब आहे. शिक्षणसंस्था, हॉस्पिटल, पांजरपोळ, गोशाळा आणि सार्वजनिक देवस्थान ह्यांच्या ट्रस्टच्या जमिनींना कुळानं मालक व्हायच्या तरतुदी लागत नाहीत, अटी आहेत आणि कलेक्टरचं प्रमाणपत्र लागतं, पण तरतूद आहे. म्हणजे खाजगी मालकाला जी भीती आहे ती ह्या संस्थांना नाही. आणि आपल्या जिल्ह्यात जुन्या शिक्षणसंस्था किती आहेत बघा, कोणीतरी दानशूर माणसानं कधीतरी हायस्कूलला दिलेली जमीन, बोर्ड लावलेला, आत करवंदीच्या जाळ्या. शाळेचा पट कमी होतोय, त्या जमिनीचं काय करायचं हे कमिटीला माहीत नाही. तिथून सुरू करा ना. खाजगी मालकांच्या मागे लागून वर्षं घालवण्यापेक्षा एक संस्था गाठा जिच्याकडे सलग पाच एकर आहे, जिच्या सातबाऱ्यावर एकच नाव आहे. देवस्थान जमिनींचं मी मुद्दाम बोलत नाही, तिथे आधीच वहिवाटदारांचे वाद आहेत, नवीन भांडण कशाला. (आणि गावात देवस्थानच्या मीटिंगमध्ये जमिनीचा विषय काढून बघा एकदा.)

लोक विचारतात की एकत्र शेत कशाला, ज्याला करायचंय तो आपल्या परसात करेल. ह्याचं उत्तर माकडं आणि डुकरं. कोकणात शेती का सुटली ह्यावर मोठमोठी भाषणं होतात, पण रात्री रानडुक्कर येऊन काय करून जातं आणि दिवसा वानरांची टोळी भेंडीचा वाफा किती वेळात संपवते हे ज्यानं बघितलंय त्याला वेगळं कारण सांगावं लागत नाही. आता हिशोब बघा. दहा गुंठ्यांचा चौकोनी तुकडा घेतला तर एक बाजू साधारण बत्तीस मीटर, म्हणजे कुंपण सव्वाशे मीटरच्या वर. असे सोळा जण सोळा ठिकाणी असले तर दोन किलोमीटर जाळी. तेच सोळा जण पाच एकराच्या एका चौकोनात बसवले, चार एकर त्यांना आणि एक एकर शेड, रोपवाटिका, खताचे खड्डे, रस्ता ह्याला, तर बाहेरून कुंपण फक्त पावणेसहाशे मीटर. खर्च चौथाईच्या आसपास. जाळी डुकराला थांबवते, वानराला नाही, त्यासाठी वरून झटका मशीनच्या, म्हणजे विजेचा हलका शॉक देणाऱ्या तारा आणि शिवाय राखण. सोळा जण असतील तर राखणीची पाळी लावता येते. एकटा माणूस राखण करेल की भाजी विकायला जाईल?

पाण्याचं तसंच. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि मार्चमध्ये टँकर, हे रडगाणं सगळ्यांना पाठ आहे. पण शेत सुरू करताना आकड्यानं बघावं लागतं. उन्हाळ्यात ड्रिपवर भाजीला दिवसाला एका चौरस मीटरला चार-पाच लिटर पाणी धरलं तर दहा गुंठ्यांना चार-पाच हजार लिटर, सोळा जणांना सत्तर हजारांच्या घरात, रोज. आपल्या विहिरी एप्रिलमध्ये एवढं देत नाहीत. 30 बाय 30 मीटरचं तीन मीटर खोल शेततळं, उतार धरून त्यात साधारण बावीस लाख लिटर बसतं, म्हणजे पूर्ण क्षेत्राला धड एक महिना, आणि त्यातलं काही उन्हानं उडणार. जांभ्यात तर प्लास्टिक अस्तर घातल्याशिवाय तळ्यात पाणी राहतच नाही, अस्तराशिवाय तळं म्हणजे चाळणीत ताक. मग ठरवायचं असं की पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, वनराई बंधारे (माती भरलेल्या पोत्यांचे) घालून जानेवारीपर्यंत ते पाणी वापरायचं, फेब्रुवारी-मार्च विहीर, तळ्याला त्यानंतरच हात लावायचा, आणि एप्रिलपासून प्रत्येकानं अर्धंच क्षेत्र लावायचं. मे महिन्यात शेत अर्धं रिकामं दिसेल आणि कोणीतरी पाहुणा म्हणेल की योजना फसली. दिसू दे. पाणी नसताना हिरवं दाखवायला टँकर मागवला की संपलं सगळं.

पिकांचं मी जास्त सांगत नाही, ते दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या लोकांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. फक्त एवढंच की पहिल्या वर्षी नवख्यानं कोबी-फ्लॉवर करून घाटाशी स्पर्धा करू नये, मार खाईल. पावसाळ्यात काकडी, पडवळ, दोडका, भेंडी, लाल माठ, अळू हे आपलं हक्काचं, आणि गणपतीला मुंबईकर आले की त्या आठवड्यात गावठी भाजीला जो भाव मिळतो तो वर्षात परत मिळत नाही. नवीन माणसाची पहिली कमाई तिथे व्हावी, हातात नोटा आल्या की माणूस टिकतो. हिवाळ्यात पालेभाजी, पावटा, मुळा. तिसऱ्या वर्षी काय ते मिरची-टोमॅटो.

जागा कोणाला द्यायची ह्यावर आमच्यातच दोन मतं आहेत. काही जण म्हणतात शिकलेली, मुंबई-पुण्याहून परत यायची इच्छा असलेली पोरं घ्या, त्यांना मार्केटिंग येतं, मोबाईल येतो. लॉकडाऊनमध्ये 2020 ला किती पोरं गावी आली होती ते आपण बघितलंय, आणि किती राहिली तेही बघितलंय. माझं मत वेगळं आहे. मी पहिली जागा त्या बाईला देईन जी आजही आठवडी बाजारात चार जुड्या माठाच्या घेऊन फरशीवर बसते, दुसऱ्याच्या बांधावर लावून. तिला शेती येते, गिऱ्हाईक येतं, फक्त जमीन नाही, किंवा घरची आहे पण तिच्या नावावर नाही. मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेनं हेच केलं, बायकांना घरच्याच जमिनीतला अर्धा-एक एकर स्वतःच्या निर्णयानं करायला मिळवून दिला आणि दुष्काळात त्या तुकड्यानं घरं जगवली. केरळात कुटुंबश्री ह्या सरकारी बचतगट योजनेतल्या बायका गटानं पड जमीन भाड्यानं घेऊन भात-भाजी करतात, आणि केरळात कूळ कायदा आपल्यापेक्षा कडक आहे बरं का. दुसरी जागा बागेत मजुरीला जाणाऱ्याला. आंब्याच्या बागेत फवारणीपासून पेटी भरेपर्यंत सगळं करणारे लोक आहेत ज्यांच्या स्वतःच्या नावावर कलमाचं एक झाड नाही. परत आलेल्या पोरांनाही घेऊ, पण निम्म्याच्या आत.

बाहेरच्या देशात हे कसं चालतं ते मी वाचलंय, भाचा अमेरिकेत आहे त्यानं पाठवलं. तिकडे व्हरमाँट राज्यात बर्लिंग्टन शहरात इंटरव्हेल सेंटर म्हणून संस्था आहे, 1988 पासून, नदीकाठची कचऱ्यानं भरलेली जागा साफ करून त्यांनी तिथे नवीन शेतकऱ्यांना जमीन, अवजारं, ग्रीनहाऊस भाड्यानं द्यायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियात सॅलिनासला अल्बा नावाची संस्था आहे, तिथे दुसऱ्यांच्या शेतात राबणारे मजूर, बहुतेक मेक्सिकोकडचे, आधी शिकतात, मग छोटा तुकडा कमी भाड्यानं करतात आणि हळूहळू वाढवत पाच वर्षांत बाहेर पडतात. मला त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. एक म्हणजे दोन्हीकडे शिकवणं आणि जमीन एकाच जागी आहे, आपल्यासारखं शिकवणं एका खात्यात आणि जमीन देवाच्या भरवशावर असं नाही. दुसरं म्हणजे इंटरव्हेलची जमीन पुराच्या पट्ट्यात आहे आणि जुलै 2023 मध्ये ऐन हंगामात सगळं पाण्याखाली गेलं, उभं पीक गेलं. म्हणजे संस्था पाठीशी असली तरी शेतीतला धोका कुठे जात नाही, फरक एवढाच की तिथे नुकसान झेलायला शेतकरी एकटा नसतो. आपल्या शेतातही एखाद्या वर्षी असं होणार, तेव्हा त्या वर्षीचं भाडं माफ आणि रोपं परत फुकट, हे पहिल्याच करारात लिहून ठेवायला हवं.

आपल्याकडेही संस्थांनी शेतीत काम केलंय, असं नाही की नाही. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी 1967 ला बाएफ ही शेती आणि पशुपालनात काम करणारी संस्था काढली, पाबळला डॉ. कलबागांनी 1983 ला विज्ञान आश्रम सुरू केला जिथे पोरं हातानं काम करत शिकतात. पण शिकून झाल्यावर स्वतःच्या जबाबदारीवर, स्वतःच्या खिशाला झळ लागेल अशी शेती करून बघायला मधली जागा लागते, मी म्हणतोय ती हीच.

आता पैसे. इथे मी स्पष्ट बोलतो, कारण अशा प्रस्तावात लोक खोटं लिहितात की तीन वर्षांत संस्था स्वावलंबी होईल. होणार नाही. भाजीचे पैसे शेतकऱ्याचे आहेत, दहा गुंठ्यांच्या भाड्यातून मोटरचं बिल निघालं तरी खूप. कुंपण, तळं, शेड, पॉवर टिलर हा एकदाचा खर्च, त्याला सीएसआर म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी मिळू शकतो, सेक्शन 8 कंपनी (नफ्यासाठी नसलेली) किंवा ट्रस्ट रजिस्टर करून देणगीवर करसवलतीची मान्यता घेतली की मुंबईकर मंडळींकडूनही देणगी येईल, गावच्या मंडळांना देवळाच्या जीर्णोद्धाराला किती जमतात ते आपल्याला माहीत आहे. खरा खर्च दरवर्षीचा, एक पूर्णवेळ माणूस जो शेतावर राहील, शेती कळणारा, भांडणं मिटवणारा, गाडी चालवणारा. त्याच्या पगारावर कोणी पैसे द्यायला तयार नसतं, सगळ्यांना आपलं नाव कोरायला भिंत हवी असते. पाच वर्षांचा त्याचा पगार आधी बाजूला ठेवल्याशिवाय कुदळ मारू नये असं माझं मत आहे. आणि कृपा करून ह्याला अॅग्रो टुरिझम जोडू नका. एकदा खोल्या बांधल्या की भाजी राहते बाजूला आणि सगळे मासे तळत बसतात.

आणखी एक, दहा गुंठ्यांवर घर चालणार नाही हे येणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगायचं. हे शिकायचं आणि स्वतःला तपासायचं ठिकाण. निम्मे लोक सोडून जातील, त्यात वाईट काही नाही. शेती आपल्याला जमत नाही हे दुसऱ्याच्या कुंपणात, कर्ज न काढता कळलेलं बरं, सोनं गहाण टाकून कळण्यापेक्षा.

सगळ्यात अवघड प्रश्न मी शेवटी ठेवलाय, तीन वर्षांनी जो टिकला त्यानं जायचं कुठे? त्याला अर्धा-एक एकर लागेल आणि तिथे परत तीच कुळाची भीती. त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. नीती आयोगाच्या समितीनं 2016 ला जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा दिला होता, मालकाची मालकी सुरक्षित आणि कसणाऱ्याला कर्ज-विमा मिळावा असा, त्यावर आपल्या आमदारांपैकी कोणी सभागृहात तोंड उघडलं तर बरं होईल. तोवर एवढं करता येईल की तीन वर्षं ज्या माणसाचं काम गावानं बघितलंय, ज्यानं भाडं वेळेवर दिलंय, त्याच्यासाठी संस्थेनं मध्ये उभं राहून मालकाशी बोलायचं. गावात शेवटी माणूस बघूनच जमीन देतात.

संपादक साहेब, तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. कलम 88-ब खाली शिक्षणसंस्थेच्या जमिनीवर असं शेत चालवायला नेमके कोणते कागद लागतात, किती दिवस लागतात, हे तुमच्या वार्ताहरानं कलेक्टर ऑफिसला विचारून छापावं. आम्ही विचारायला गेलो की टेबलं फिरवतात, पेपरवाल्याला बसायला खुर्ची देतात. आणि संगमेश्वर, लांजा, राजापूर भागात ज्या शिक्षणसंस्थेकडे चार-पाच एकर सलग जमीन पड आहे आणि जवळून जानेवारीपर्यंत वाहणारा पऱ्या आहे, त्यांच्या कमिटीनं तुमच्या कार्यालयाकडे कळवावं, आम्ही बघायला येऊ. रस्त्यालगत नसली तरी चालेल, पाणी मात्र हवंच.

आपला,
एक निवृत्त कृषी सहायक
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी